सातवा दात

ब्रनोजवळच्या वीजघरात, ऑक्टोबरच्या बंदात,
टर्बाइनचं झाकण क्रेनला लटकतंय
आणि द्राहोमीरा गुडघ्यांवर बसून
सीलचे दात तपासते आहे.

चौदा दात. प्रत्येकाला पात्यासारखी धार हवी.
वाफ यावी, धारेवर आपटावी,
पुढच्या खणात भोवरा होऊन गरगरावी,
पुन्हा आपटावी.
अडवणं असं नाहीच इथे.
नुसतं दमवणं.

सातव्यावरून ती बोट फिरवते.
बोट कापत नाही.
बावीस वर्षांपूर्वी कापलं होतं; व्रण आहे अजून.

फट तेवढीच भरते, अर्ध्या मिलिमीटरहून कमी.
"मग ठीकच की," कोवळा यिंद्रा म्हणतो.
ती मान हलवते.
गोल झालेल्या कडेवरून वाफ
ठेचकाळत नाही,
ओळखीच्या घरात शिरावं तशी
चपला न काढता आत.
फट तीच. गळती वाढलेली.

कुणाला ऐकू येत नाही ती.
कोळशाचा हिशोब करणारा तेवढा
महिनाअखेरीला कपाळ खाजवतो.

वहीत ती लिहिते: सात, बोथट. बदला.
अक्षर जाड उमटतं.
पेन्सिल उजेडात धरून बघते,
आणि खिशातला चाकू चाचपते.