शून्याचा आठवडा

कुताइसीच्या रस्ते-कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर,
माझं काम एवढंच:
डोंगराच्या नावानं आलेले आकडे
डोंगराचेच आहेत का, हे पाहणं.

ओनीच्या रस्त्यावर, एकोणिसाव्या ते तेविसाव्या किलोमीटरपर्यंत,
उशांगी नावाचा राखणदार
दर रविवारी वहीत लिही:
या आठवड्यात किती दरडी.

सरासरी दोन.
सरासरी दोन म्हणजे दर आठवड्याला दोन नव्हे,
हे मी साहेबांना तीन वर्षं सांगते आहे.
योगायोगाला वळण असतं, हजेरीपट नसतो.
बावन्न आठवड्यांत सातेक कोरडे जावेत,
सातेक असेही यावेत, की चार, पाच, सहा,
नि वर एखादा, ज्याच्या पुढे मोजणाराच थकेल.

पहिली वही.
शून्याचे पाच आठवडे, एकाचे सतरा,
दोनाचे बारा, तिनाचे अकरा,
आणि चारापासून पुढचे सगळे मिळून सात.
ज्यांच्याकडून अपेक्षाच थोडी
त्यांना एका खोलीत कोंबायचं, असा नियम आहे.
मग आलेल्यातून अपेक्षित वजा,
त्याचा वर्ग, भागाकार, बेरीज.
कसोटीचं नाव काय-वर्ग.
नावातच विचारून घेतलेलं: काय?
एक पूर्णांक आठ.
साडेनवापर्यंत आम्ही काही म्हणत नाही.
डोंगर खरं बोलत होता.

दुसरी वही.
शून्य. अकरा. एकोणतीस. बारा. शून्य.
सरासरी तीच, जुळवल्यासारखी.
एकही आठवडा कोरडा नाही,
एकही आठवडा अंगावर येणारा नाही.
उत्तर बत्तिसाला टेकलं.
दोन्ही वह्या एकत्र कालवून पाहिल्या
(का, ते मलाही सांगता येणार नाही)
तरी सतराच्या आसपास.

कावळा बसायला नि फांदी मोडायला गाठ पडते, मान्य.
पण हा कावळा वर्षभर
त्याच फांदीवर
तोलून-मापून बसला होता.

पाच तासांची बस.
एकविसाव्या किलोमीटरला ड्रायव्हरनं टोपी काढली.
कठड्याशी मेणबत्त्यांची बुडखं होती,
मी खिडकीतून पाहिली, मोजली नाहीत.

नाझिब्रोला राजमा सोलत होती.
"उशांगी?" मी विचारलं.
तिनं हात पुसले, दुसरी वही उघडली,
पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.
त्याच्याच वळणाचा एक.
"इथून माझं अक्षर," ती म्हणाली.
"त्या आठवड्यात एकच दगड पडला."

नव्वद रूबल पगार. दोन मुली शाळेत.
ती रविवारी दिवा लावून बसे
आणि रस्त्यावर न जाता आठवडा ठरवी:
दोन. तीन. दोन. दोन. एक.
चार लिहायची तिची छाती होत नव्हती;
चार लिहिले तर कुणाच्या तरी घरी पडतील.

मी सांगायला नको होतं. सांगितलं.
माणसानं बनवलेला योगायोग भित्रा असतो, म्हटलं,
तो मधल्या पायरीवरच उभा राहतो.
थोडं सैल लिहा. नाणं उडवा,
राजम्याचे दाणे फेका, पडतील तेवढे लिहा.
एखादा आठवडा सहा येऊ द्या.
आणि कधीतरी शून्य.

सहाला ती हळूच हो म्हणाली.

शून्याला मात्र तिनं
सोललेल्या दाण्यांचं ताट माझ्यापुढे सरकवलं
आणि खिडकीबाहेर, रस्त्याकडे, बघत राहिली.
"काहीच पडलं नाही असा आठवडा,"
ती म्हणाली, "तुम्ही लिहा, बाई.
माझा हात वळत नाही."

अहवालातली निष्कर्षाची ओळ अजून कोरी आहे.
साहेब रोज विचारतात, काय?