गणसंख्या

टिमारूच्या बंदराकडे पाठ केलेली खोली.
दहाला वीज ट्रस्ट, साडेअकराला बंदर कंपनी,
दुपारी विश्वस्त कंपनी, जी दोघांचेही शेअर सांभाळते.
खुर्च्या त्याच, माणसं तीच.
मी फक्त टेबलावरच्या पाट्या बदलते
आणि थर्मासमधला चहा.

मर्डॉक पुलर स्वतःलाच पत्र लिहितो,
तीन आठवड्यांनी स्वतःचेच आभार मानून
मुदत वाढवून मागतो.
आपलेच दात, आपलेच ओठ.

आज दुपारी विषय निघाला इनिड टॅव्हेंडेलच्या घराचा.
नवऱ्यानं मरताना कंपनीवर सोपवलेलं.
छप्पर गळतंय,
आणि मागची जमीन बंदराला हवी आहे.
पुलर उठला: "माझा हितसंबंध आहे."
मग हेक्टर. मग राहिलेले तिघे.
नियमाप्रमाणे सगळे बाहेर.

काचेपलीकडे, कॉरिडॉरमध्ये,
पाचही जण बिस्किटं खात उभे.
कुणीतरी काही म्हणालं, बाकीच्यांनी माना डोलावल्या.
गणसंख्या तिकडे पूर्ण होती.

आत मी, आणि इनिडचं पत्र,
निळ्या शाईतलं, तिसऱ्यांदा आलेलं.
इतिवृत्तात लिहिलं: चर्चा झाली नाही.
मग खोडलं.
झाली. इथे नाही.