हे इथलं नाही

मुहर्रकच्या दवाखान्यात अकरा वर्षं
मी बायकांना श्वास रोखायला सांगते.
अरबीत मला धड बोलता येतं ते एवढंच:
थांबा, हलू नका, आता सोडा.
कळतं मात्र बरंच जास्त.

बद्रियाबाई एकसष्ट वर्षांच्या.
अबाया खुंटीला, तसबी मुठीत.
माझ्या बिल्ल्यावरचं नाव त्यांनी जुळवून जुळवून वाचलं.
प्रज्ञा. त्यांच्या भाषेत प नाही,
ज्ञ तर कुठून असणार.
ब्रादन्या, म्हणाल्या, आणि हसल्या.
त्या नावाला ओ द्यायला मी कधीच शिकले आहे.

डावा, उजवा. वरून, मग तिरका.
पट्टीखाली मांस चपटं होतं तेव्हा
बहुतेक जणी छताकडे बघतात.
या माझ्याकडे बघत राहिल्या,
दुखतंय ते मलाच, अशा नजरेने.

पडद्यावर तीन सावल्या.
वाटोळ्या, काठ स्वच्छ.
मोत्यांसारख्या म्हणायचा मोह होतो,
या बेटावर तर फारच.
नाही म्हणत.
बद्रियाबाईंचे आजोबा मोत्यांसाठी बुड्या मारत
आणि कान फुटून घरी बसले.

इथला रोग मला ओळखू येतो.
तो काटेरी असतो, मुळं धरून,
आजूबाजूचं ओढून घेतो, कातडीला आत खळी पाडतो,
आणि शिरोड्याच्या मिठागरात भरल्या टोपलीतून
सांडत जावी तशी
बारीक पांढरी कणी मागे ठेवतो.
या सावल्यांनी काही ओढलं नव्हतं.
एक कण सांडला नव्हता.
परक्या घरी ओसरीवरच टेकावं, पाय आवरून,
तशा त्या कातडीलगत बसलेल्या.

डॉक्टर सौसन खुर्ची पुढे घेत म्हणाल्या,
या वयात नवी गाठ, आणि इतकी शहाणी?
सोनोग्राफीत त्या काळ्या दिसल्या.
आत रक्ताची ये-जा.
डॉक्टरांनी बराच वेळ हात हलवला नाही,
जेल गार झालं.
मग विचारलं, शरीरात आणखी कुठे, कधी काही?

बद्रियाबाई आठवत बसल्या.
गुडघा. पित्ताचे खडे. सातवं बाळंतपण,
ते सांगण्यात पाच मिनिटं गेली.
मग एकदम चप्पल काढून टाच वर केली,
रुतलेला शंख दाखवावा तशी.
इथे एक तीळ होता. सहा वर्षं झाली,
मनामात काढला, मांडीचं कातडं लावलं.
जागा गुळगुळीत, जुन्या रुपयाएवढी.
कागद?
कागद जुन्या घरी राहिले.

सुईतून आलं त्यात काळा रंग होता.
डाव्या टाचेपासून छातीपर्यंत
कोणत्या वाटेने, कुठे कुठे मुक्काम करत,
हे माझं यंत्र सांगत नाही.
ते फक्त पोचलेलं दाखवतं.

निकालाच्या दिवशी डॉक्टर सांगू लागल्या,
हा स्तनाचा कॅन्सर नाही.
पुढचं वाक्य यायच्या आत
बद्रियाबाईंचे दोन्ही हात वर गेले.
अल्हम्दुलिल्लाह.
लेकीला मिठी मारली, डॉक्टरांना, मग मला,
माझ्या खांद्यावर उदाचा वास
आणि ओल्या पापण्या.
डॉक्टर थांबल्या.
आम्ही दोघींनी ते अर्धं बोलणं
पुरेल तितका वेळ पुरू दिलं.

मग उरलेलं.

पुढे पाठवायच्या कागदावर एक रकाना असतो: मूळ जागा.
माझ्या परवान्याच्या अर्जातही असतो,
दर दोन वर्षांनी मी तिथे
भावाने विकलेल्या घराचा नंबर लिहिते,
दुसरा पाठ नाही म्हणून.
आज मी लिहिलं: टाच, डावी.

दाराशी लेक खाली वाकून
आईच्या पायात चप्पल घालत होती.
तिने डाव्या पायापासून सुरुवात केली होती,
आणि अजून तिथेच होती.