सात सेकंद उशिरा

कॉलेज रोड, तिसरा मजला, खाली पाववड्याची गाडी.
काचेअलीकडे मी, पलीकडे बिच्छू.
कागदोपत्री भालचंद्र खैरनार, मुक्काम पोस्ट सटाणा;
सकाळी सात ते दहा नुसता बिच्छू,
कार्यक्रमाचं नाव ‘नांगी’.

तो बोलतो ते नाशिकला सात सेकंद उशिरा पोचतं.
तेवढ्यात द्वारकेचा सिग्नलसुद्धा सुटत नाही,
पण माझ्या उजव्या हाताशी लाल बटण आहे,
दाबलं की शब्द झालाच नाही.
नोकरी लागली तेव्हा आईला म्हटलं,
मी अख्ख्या शहराचं तोंड सांभाळतो.
म्हणाली, आधी स्वतःचं सांभाळ.

मंगळवारी सातपूरहून फोन आला,
शकुंतला गांगुर्डे. कारखान्यात एमसीबी तपासते:
भार वाढला की खटका वेळेवर पडतो का, एवढंच बघायचं.
लेकीच्या वाढदिवसाला गाणं हवं होतं.
लेकीचं नाव प... प... प...
बाई, मोटार चालू राहिलीय का घरी? बिच्छू म्हणाला.
मग मोटारीचा आवाज. मग मशीनमधल्या टाळ्या.
मग, लग्नात ‘हो’ म्हणायला किती दिवस लागले?

सात सेकंद होते.
मी हसत होतो.
हे लिहायचं नव्हतं,
पण गाळलं तर पुढचं सगळं खोटं पडेल.

बुधवारी त्या प... प...ची रिंगटोन झाली.
गुरुवारी गळ्यात उपरणी घालून चौदा जण आले.
दाराची काच फोडली, कुंडी फोडली,
वॉचमन धोंगडे काकांचा चष्मा फोडला.
मायबहिणींचा अपमान खपवून घेणार नाही, म्हणाले,
आणि उतरताना रिसेप्शनवरच्या मुलीला
तिच्या आईवरून काहीतरी बोलले.
बिच्छू टेबलाखाली होता.
मी त्यांच्याशी भांडलो. बोलू द्या त्याला, म्हटलं,
आज त्याचं तोंड शिवाल, उद्या कुणाचं?
हे मला आजही पटतं.
माझं हसणं त्याने पुसलं जात नाही.

सोमवारी पुन्हा तीच. लाइव्ह.
‘त्या पोरांना मी पाठवलं नव्हतं.
कार्यक्रम बंद करू नका.
मला फक्त त्याला एक शब्द सांगायचाय.’
एकदाही अडखळली नाही. रात्रभर घोकलं असावं.
मग
भ...

तीन सेकंद शांतता म्हणजे रेडिओ मेला,
लगेच जिंगल टाकायची, असं शिकवलंय.
डावा हात मी मांडीखाली घेतला.
भ... भ...
मागे कुकरची शिट्टी. एक बारीक आवाज, आई, सांग ना.
बिच्छू जरा सावरून बसला;
त्याचं खरं नावही भ-वरूनच सुरू होतं.
त्याने तोंड उघडलं तसं मी ओठांवर बोट ठेवलं.
अकरा सेकंद.
मखमलाबाद ते नाशिक रोड, मिसळीच्या दुकानांत
लोकांनी रेडिओला चापट्या मारल्या असतील.

आणि आला शब्द.
सबंध, खणखणीत,
तांबट आळीतल्या हातोड्यासारखा.
आमच्या मनाई-यादीत तो तिसरा आहे.

शहराने अजून ऐकलेला नाही.
काचेतून बिच्छू माझ्याकडे बघतोय,
मान हलवतोय, पण हो की नाही ते कळत नाही.
बटण गार आहे.
तिकडे सातपूरला
ती फोन कानाशी धरून
खटका पडतो का, बघत असेल.