एकतीस नंबरची कॅसेट

कमिटीनं त्र्याऐंशी कॅसेट आणून दिल्या,
गुळाच्या खोक्यातून.
"मास्तरांचा आवाज पेनड्राइव्हवर घ्या," शमुवेल म्हणाला,
"पुढच्या पिढीला पायजे.
खोकला तेवढा काढा. रिक्षांचे हॉर्न काढा.
मधल्या मोकळ्या जागा सगळ्या काढा."

लक्ष्मीपुरीतलं माझं दुकान, शटर अर्धं खाली.
स्पिरिटच्या कापसानं हेड पुसतो,
टेपवरची बुरशी बोटाला लागते.
पुराचं पाणी या खोक्याच्या बुडाला शिवून गेलेलं,
वर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय: वाचल्या.

शद्रक मास्तर हिरवे.
दिवसभर उद्यमनगरात, फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करायचे,
संध्याकाळी आमच्या पत्र्याच्या हॉलमध्ये.
पेटीची एक पट्टी दाबली की दबूनच राहायची,
तो सूर चुकवत आम्ही स्तुती करायला शिकलो.
"वरडू नगासा," मास्तर म्हणायचे,
"देव काय पंचगंगेपल्याड ऱ्हातोय व्हय?
साचा ओला असला की रस उडतोय तोंडावर.
आधी वाळा. गप बसा.
आत पोकळी धरा जरा."

गडहिंग्लजवरून यायचे, कागलवरून यायचे,
खाटेवरून, खांद्यावरून,
एकजण तर उसाच्या ट्रॉलीतून.
काही चालत गेले. मी पाहिलंय.
कसं, ते विचारू नका,
मी तेव्हा वायर धरून उभा होतो, माईकची.

आता शिरोली नाक्यावर फ्लेक्स लागतो:
'तीच शक्ती, तोच अभिषेक!'
फोटोत मास्तरांचे केस काळे केलेत.
शमुवेल सांगतो, मास्तरांचा झगा माझ्यावर पडला.
झगा?
मास्तरांकडं खाकी शर्ट होता एक,
ठिणग्यांनी भोकं पडलेला,
आणि खिशात इन्सुलिनची बाटली, रुमालात गुंडाळलेली.
प्रार्थनेआधी सगळ्यांदेखत टोचून घ्यायचे.

एकतीस नंबर. बाजू दुसरी.
गाणं संपतं, खुर्च्या सरकतात,
आणि मग काहीच नाही.
मला वाटलं टेप तुटली.
कान लावला तर पंखा कुरकुरतोय,
कुणाचं तरी मूल विचारतंय, झालं का?

तेव्हा कळलं, ही ती रात्र.
मिल्का, माझी धाकटी. आठवड्यातून दोनदा मिरजेला,
सुया टोचून टोचून हाताची शीर दोरासारखी वर आलेली.
मास्तरांचा हात तिच्या डोक्यावर.
सगळा हॉल वाट बघत होता,
मी तर सगळ्यात जास्त.

सात मिनिटं.
सात मिनिटं तो माणूस काही बोलत नाही.
मग खोकतो. मग अगदी हळू,
"मला काय कळंना झालंय, देवा."
आणि थोड्या वेळानं, कुणाला तरी,
"पोरीला पाणी द्या. घोटभरच,
डॉक्टरनी मोजून दिलंय."

मिल्का दिवाळीआधी गेली.
त्यानंतर मी मागच्या बाकावर बसायला लागलो,
हात वर करायचे सोडले, कुणी विचारलं नाही.
मास्तर मात्र दर शनिवारी दुकानात यायचे,
काही बिघडलेलं नसताना रेडिओ घेऊन,
आणि मी तो उघडून परत बंद करून द्यायचो.
तीन वर्षं. एकदाही धर्माचं बोलले नाहीत.

मी टेप थांबवणार होतो.
तेवढ्यात पाण्याचा पेला खाली ठेवल्याचा आवाज,
आणि तिचा आवाज. तिचाच.
माझ्याकडं तिचा दुसरा आवाज नाही कुठंच.
"मास्तर, हात काढू नका अजून."

आज शमुवेलचा फोन.
"एकतीस नंबरची फाइल खराब आली काय?
मध्ये बंदच पडतीय."
"बंद नाही," मी म्हणालो, "चालू आहे.
आवाज वाढव जरा."