शोध, दर सहा तासांनी

फ्रीजवर, बाबांच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी
ऑफिसातून भंगारात निघालेला संगणक बसवला.
पडदा नाही, कीबोर्ड नाही,
एक हिरवा दिवा आणि घोरल्यासारखा पंखा.
आई म्हणाली, आता याला पण नैवेद्य दाखवायचा का?

पहिली रात्र परवानग्यांत गेली.
डाउनलोड करणारा गडी एक, उचलून जागेवर ठेवणारा दुसरा,
आणि दुसऱ्याला पहिल्याच्या खोलीत पाय टाकायची मुभा नाही.
एकाच डिस्कवर नांदणारे,
तरी प्रत्येक ओळीखाली तेच : परवानगी नाकारली.
पहाटे दोनला कळलं, दोघांना एका गटात घालायचं असतं.
घातलं. निमूट कामाला लागले.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटपायी
घणसोली गावठाणात चार दारांनी राहणाऱ्या माझ्या काकांना
हे कुणी वेळेवर सांगितलं नाही.

मग यादी.
काय हवं, कुठल्या दर्जाचं, किती जागेत,
नावात वर्ष लिहायचं की नाही.
हे सगळं एका माणसासाठी,
ज्याने रबाळ्याच्या प्रेसखाली एकतीस वर्षं पत्रा दाबला
आणि प्रेसने त्याचे कान.

कुठल्याशा थंड देशाने सगळ्यांसाठी खुली सोडलेली
मच्छीमारांची मालिका. चोवीस भाग.
बाबा माणसांकडे नाही, दोरांकडे बघतात.
म्हणतात, ही गाठ सुटनार हाय.
सुटते.
पण पुढे दोघे भाऊ होडीत का भांडतात, ते कळत नाही.
माझ्याकडे बघतात. मी ओरडून सांगते.
भिंतीपलीकडच्या भोईरांना कळतं, बाबांना नाही.

म्हणून तिसरा गडी नेमला, फक्त अक्षरं शोधणारा.
भाषा : मराठी.
फिनिश सापडली, तुर्की सापडली,
पोर्तुगीज तर दोन तऱ्हांची.
मराठी, शून्य.
नियम लिहिला : नाही सापडलं तर दर सहा तासांनी पुन्हा.
लाईट गेली, आली,
आणि तो उठल्या उठल्या जगाला तोच प्रश्न.
नोंदवहीत एकाखाली एक,
नाही. नाही. नाही.
यंत्राला कंटाळा येत नाही,
हे मला पहिल्यांदाच जरा निर्दय वाटलं.

अकराव्या रात्री मीच बसले.
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे कोरी फाइल.
पहिलं वाक्य उतरलं :
तू येथे कशासाठी आला आहेस?
भर समुद्रात, हात सोलवटलेले असताना
असं कोण बोलेल?
पुसलं. लिहिलं :
कनाला आयलास इकरं?
आणि ते दोघे भाऊ दाढीतल्या बर्फासकट
थेट आमच्या ओट्यावर येऊन भांडायला लागले.

चाळीस मिनिटांना चार रात्री लागल्या.
एका शिवीला अडले, तेव्हा आईला विचारलं.
तिने कानांवर हात ठेवले,
मग मागितली एक, तर तीन दिल्या.

फाइल नेमक्या नावाने नेमक्या जागी टाकली
आणि सहाच्या फेरीपर्यंत जागी राहिले.
गडी उठला, घरभर फिरला, लिहिलं :
मराठी, एक.
कुठून आली, ते विचारलं नाही.

संध्याकाळी बाबांनी चष्मा लुंगीला पुसला.
ओठ हलवत वाचत होते, बोट हवेत, ओळीखालून सरकणारं.
भांडण लागलं तसे खुर्चीच्या टोकाला आले
आणि हसले, स्वतःचं हसू ऐकू न येणारा माणूस हसतो
तेवढ्या मोठ्याने.
ए बाय, ही लोका कनच्या गावची?
मी फ्रीजकडे बोट केलं.

तेवीस भाग उरलेत.
दुसऱ्यात एक म्हातारी किनाऱ्यावर उभी राहून
पाण्याला काहीतरी सांगते, लांबलचक, श्वास न घेता.
ते अजून जमलेलं नाही.
बाराची फेरी व्हायची आहे.