सुरगाठ, निरगाठ

विस्कॉन्सिनच्या या टेकड्यांवर
नोव्हेंबरात साडेचारलाच अंधारून येतं.
पांढऱ्या ओकवर, जमिनीपासून वीस फूट,
खोगिराच्या पट्ट्यात लोंबकळत
दुपारभर मी एका हरिणीची वाट पाहिली.
आली. मागून तिचं यंदाचं पाडस.
धनुष्य खुंटीवरच राहिलं.

आता उतरायचं.
बोटांचं लाकूड झालंय, नाक वाहतंय,
आणि खालचा पाचोळा दिसत नाही,
नुसता ऐकू येतो.

घाई इथेच होते, म्हणतो हाल्वर.
माझा सासरा. त्याचा दोर
दोन हात तोकडा होता, टोकाला गाठ नव्हती.
शिवता शिवता सुईतून दोरा निसटावा
इतक्या सहज
तो डिसेंडरमधून निघून गेला.

म्हणून आधी टोक.
वर ओढून घेते, चाचपते:
मुठीएवढी निरगाठ. आहे.
मग इंग्रजी आठासारख्या त्या लोखंडातून दोर,
कडीचं झाकण फिरवून बंद.
पुन्हा फिरवते, तर फिरतच नाही:
हातमोज्याचा एक लाल धागा
आट्यांत अडकलेला.
दातांनी काढला. थुंकला. परत बंद.

खाली बारीक दोरीचे चार वेढे,
माझे हात सुटले तर दोर धरून ठेवायला.
उरलेला दोर डिसेंडरभोवती गुंडाळून सुरगाठ,
ओढली की सुटेल,
ओढेपर्यंत नाही.

आणि मग ते, जे हाल्वरने
चाकाच्या खुर्चीत बसून,
जेवणाच्या टेबलाच्या पायाला दोर बांधून
मला तीन रविवार शिकवलं:
नव्यावर बसून पाहिल्याशिवाय
जुना सोडायचा नाही.

बसते. सुरगाठ ओढते. दोन्ही हात हवेत.
जीव टांगणीला म्हणतात तो असा,
अक्षरशः, अकरा मिलिमीटरच्या दोराला.
वेढे बोटभर सरकतात,
करकरतात,
आवळतात.
बुंध्याभोवतीचा दोर सैल पडला.
तेव्हा कुठे तो काढला.

स्वयंपाकघरात दिवा. सुपाला मिऱ्यांचा वास.
हाल्वर विचारत नाही, मिळालं का काही.
टीव्हीवरची नजर न काढता हात पुढे करतो.
मी ओला दोर त्याच्या मांडीवर ठेवते.
त्याची बोटं हळूहळू दोरावरून जात राहतात,
पार टोकापर्यंत,
आणि तिथं जरा थांबतात.

"ब्रेड तूच काप," म्हणतो.